अकरा बेचाळीसचा फोन

१

मजीद मुकादम गेले त्या दिवशी त्यांच्या बटणाच्या फोनात चार कॉल निघाले, आणि चारही सुनेला केलेले. पहिला अकरा बेचाळीसचा. तो चौदा सेकंद चालला. पुढचे तीन लागलेच नव्हते. दीड वाजता बागेचा राखणदार केरू वर कातळावर गेला तेव्हा म्हातारा हापूसच्या कलमाला टेकून बसला होता, फोन मुठीत होता आणि अंग गार पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. अर्ध्या तासात आणलं असतं तर कदाचित वाचलेही असते. या एका 'कदाचित'ने मुकादमांचं घर दुभंगलं.

कारण सून नबीला घरातच होती आणि तिचा फोन चालू नव्हता. त्यावर विमानाचं चिन्ह होतं. विमानात बसल्यावर लोक जे बटण दाबून फोन मुका करतात, ते दाबलेलं होतं.

हे सगळं नबीला मृणालीच्या दुकानात उभ्या उभ्या सांगत होती. रत्नागिरीच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत मृणालीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. बाई मूळची लांज्याची, हाताने सफाईदार आणि तोंडाने फटकळ. शहरातल्या निम्म्या बायका फोन तिच्याकडेच आणत. फोनात घरचे फोटो असतात, आणि पुरुषाच्या हाती फोन दिला की तो आधी फोटोंत शिरतो, अशी त्यांची पक्की खात्री होती. ती अगदीच खोटी होती असं मृणालीलाही म्हणवत नसे.

"हा उघडून बघा ताई," नबीला म्हणाली. "ह्याला काय झालं होतं तेवढं सांगा. शुक्रवारच्या आत."

"शुक्रवारी काय आहे?"

"अब्बांचा चाळिसावा. तन्वीर कुवेतवरून येतायत. जमातीची चार माणसं निवाड्याला बसणार आहेत. मला खेडला माहेरी धाडायचं ठरलंय." तिने शेजारी उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "जन्नत इथेच राहणार."

मृणालीने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

तेवढ्यात तोच फोन वाजला. खेडहून नबीलाची आई होती. नबीलाच्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात जन्नतच्या सुटलेल्या चपला. तिने पिशवी काउंटरवर टेकवली, फोन उचलला, डोक्यावरच्या स्कार्फात गालापाशी खोचला आणि ताठ उभी राहून बोलली. फोन मुळीच घसरला नाही. बोलणं व्यवस्थित झालं.

"आमच्याकडे सगळ्या अशाच बोलतात," मृणाली बघतेय हे पाहून ती ओशाळून म्हणाली. "हात मोकळे राहतात."

"त्या दिवशी सासऱ्यांशी भांडण झालं होतं?"

"झालं होतं." तिने काही लपवलं नाही. "मला शाळेत नोकरी मिळत होती. अब्बा नको म्हणाले. मी बोलले, आता आज मला काही सांगू नका. घरभर ऐकलं सगळ्यांनी. मग ते बागेत गेले, मी बांगडे घेऊन विळीवर बसले. त्यांचा फोन आला. 'नबीला, बेटा, जरा…' एवढंच ऐकलं. पुढे काहीच नाही. मला वाटलं, रेंज गेली."

"मग तू का नाही लावलास परत?"

"आमच्या घरात अब्बांचा नेम आहे. ज्याने लावला त्यानेच परत लावायचा. ते तीस वर्षं जहाजावर होते ना. म्हणायचे, दोघांनी एकदम लावला तर दोघांनाही एंगेज लागतो. एकाने लावायचा, दुसऱ्याने वाट बघायची." तिचा आवाज खाली गेला. "मी वाट बघत होते, ताई. ते लावणार म्हणून."

मृणालीने फोन हातात घेऊन उलटापालटा केला. ओरिवा अल्ट्रा. सोनेरी कडा, मागे चार कॅमेरे, आणि वर्तमानपत्रभर जाहिरात: 'राजाचा फोन, रयतेच्या दरात.'

"तुझ्याशिवाय ह्याला त्या वेळी कोण हात लावू शकत होतं?"

नबीलाने दाराकडे पाहिलं. "घरात मोठी माणसं दोनच होतो. मी आणि माझी नणंद, समरीन."

२

मुकादमांचं घर खाडीच्या अंगाला. समरीन पुढच्या पडवीत शिलाई मशीनवर बसलेली होती. अठ्ठावीस वर्षांची, बाप गेल्यापासून डोळ्यांखाली काळं आलेलं. नणंद म्हटल्यावर मृणाली मनात थोडी कंबर कसूनच आली होती, पण ही पोरगी सरळ निघाली.

"मी इथेच होते. भाभी तिथे, मोरीपाशी. पाठ माझ्याकडे. मान खाली, फोन स्कार्फात, हात माशांत. तिने फोनाला हात लावलेला मला दिसला नाय. पण नाय लावला असं पण मी नाय बोलणार. पाठ होती ना तिची. खोटं कशाला बोलू?"

"विमानाचं चिन्ह पहिल्यांदा कुणी बघितलं?"

"फैझानने. माझा धाकटा भाऊ. लांज्याला मोबाइलचं दुकान हाय त्याचं. केरूने अब्बांचं कळवल्यावर तो पण फोन लावत होता तिला, लागला नाय, म्हणून गाडी घेऊन आला. भाभी तेव्हा आत चुलीकडे रडत बसली होती. त्याने फोन घेतला, वरनं बोट ओढलं आणि बोलला, हिने विमान लावलंय."

"लगेच बोलला?"

"हातात घेतल्या घेतल्या."

मृणालीने हे मनात टिपून ठेवलं. फोन लागत नसला की माणूस आधी चार्जिंग बघतो, मग रेंजचे दांडे मोजतो, मग बंद करून चालू करतो. पंधरा वर्षं ती हेच बघत आली होती. थेट विमान शोधणारं गिऱ्हाईक तिला अजून भेटायचं होतं.

"आणि काय बोलला माहितेय?" समरीन पुढे म्हणाली. "बोलला, ही बांगडे साफ करत नव्हतीच. फोन बघा, कोरडा ठणठणीत. रक्ताचा डाग नाय, खवला नाय, वास पण नाय. म्हणजे हात पुसून, नीट बघून बंद केलानी."

मृणाली मोरीपाशी गेली. विळी भिंतीला आडवी ठेवलेली होती. ती पायाखाली धरून बसायचं म्हणजे माणूस पार वाकतो, हनुवटी जवळजवळ गुडघ्याला लागते. तिने नबीलाला बाजूला घेतलं.

"बांगडे साफ करताना हात कोपरापर्यंत भरतात. फोन कोरडा होता. मग तू तो उचललास कसा?"

नबीलाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"मला खोटं सांगितलंस तर मी काही करू शकणार नाही," मृणाली म्हणाली. जरा कडकच म्हणाली.

"मी नाही उचलला. जन्नतने उचलला. हिरवं दाबलं आणि माझ्या स्कार्फात खोचला. रोज तीच खोचते." नबीलाने मृणालीचं मनगट घट्ट धरलं. "खोचताना तिचं बोट लागलं असेल, ताई. मी चाळीस दिवस तेच मनात घोळवतेय. तसं असलं तर कुणाला सांगू नका. मीच केलं म्हणा. मी खेडला जाईन. पण माझ्या पोरीने जन्मभर हे अंगावर घेऊन फिरायचं नाही."

म्हणून ही बाई स्वतःची बाजू मांडत नव्हती. मृणालीला एकदम कळलं आणि तिचे डोळे भरून आले. आपण फोन दुरुस्त करायला आलो आहोत, हे तिने स्वतःला बजावलं.

जन्नत उंबऱ्यावर चित्रांची वही घेऊन बसली होती. मृणाली तिच्याशेजारी टेकली. एका चित्रात एक बाई विळीवर वाकलेली, समोर निळे मासे, डोक्याला हिरवा स्कार्फ. आणि गालावर पिवळाधमक गोळा.

"हे काय, हळद लागलीय का मम्मीला?"

"नाय. मासे कापताना मम्मीचा गाल पेटतो," जन्नत म्हणाली. "हे दादाजान गेले त्या दिवशीचं हाय. मी इथे बसून काढलेलं."

पोरं काहीही बोलतात, असं म्हणून मृणालीने वही मिटली. तिथे ती चुकली.

३

लांज्याला हायवेच्या कडेला फैझानचं दुकान होतं. दर्शनी भागात ओरिवाचा मोठा फलक, खाली रांगेने तोच सोनेरी फोन. फैझान स्वतः तोच वापरत होता. मृणाली गेली तेव्हा तो कुणाशी तरी बोलत होता. फोन तोंडासमोर आडवा धरलेला, स्पीकर चालू, पलीकडच्या माणसाच्या घरातली भांडणंसुद्धा गिऱ्हाइकांना ऐकू येत होती. ते संपलं तोच दुसरा फोन आला. तोही तसाच.

"नबीलाला हा फोन तुम्हीच दिलात?"

"मीच. तन्वीरभाईने सांगितलं, तिला चांगला घेऊन दे. मी आपल्या दुकानातला टॉपचा दिला. रमजानला पण आमच्या वाडीत बारा फोन गेले हेच." तो अभिमानाने बोलला, पण नजर काउंटरवरून वर आली नाही. "कॅमेरा बघा ह्याचा. लाखाच्या फोनात नाय असा."

"बोलायला कसा आहे?"

"म्हणजे?"

"फोन. त्यावर बोलतात ना माणसं."

फैझानने खांदे उडवले. "बाई, तुम्ही तिच्या बाजूने आलायत, मला कळतंय. माझा बाप गेलाय. मला काय आनंद हाय भाभीचं नाव घ्यायला? पण फोनाला दोष नाय. आम्ही आधीच तपासून घेतलेला. समरीनने नेला होता रत्नागिरीत, जानेवारीत. पावती हाय माझ्याकडे. शुक्रवारी जमातीपुढे तीच ठेवणार."

त्याने गल्ल्याखालून एक चिठ्ठी काढली आणि काचेवर सरकवली.

'ओरिवा अल्ट्रा. तक्रार: बोलताना कॉल तुटतो. तपासला. फोन ओके. रेंजचा प्रॉब्लेम.'

अक्षर ओळखायला मृणालीला वेळ लागला नाही. दुकानाचं नाव वर छापलेलं होतं. खाली सही होती, आणि ती तिचीच होती.

४

परतीच्या एसटीत तिने खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही.

आता तिला आठवलं. बुरख्यातली एक मुलगी, गर्दीची वेळ, काउंटरवर फोनांची रास. आपण उभ्या उभ्या दोन कॉल लावून पाहिले, फोन ठीक वाटला. कोकणात कॉल तुटला की रेंज. दरड, झाडं, वारा, काहीही असलं तरी रेंज. हे एक वाक्य तोंडात बसलं होतं आणि ते फुकट होतं. त्या फुकटच्या वाक्यावर आता एका पोरीची आई घराबाहेर जाणार होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलेलं ऐकू गेलं नाही.

दुपारी तिने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि फोन उघडला.

सोनेरी कड धातूची नव्हती, रंगवलेलं प्लास्टिक होतं. चार कॅमेऱ्यांपैकी एकाच्या मागे काहीच नव्हतं, नुसती काच बसवलेली. यात तिला नवल वाटलं नाही. दिसतं तिथे खर्च करायचा आणि झाकलेलं असतं तिथे हात आखडायचा, ही कंपन्यांची रीतच. पण तिने समोरची काच दिव्याखाली धरली आणि कानाकडच्या बाजूला बोट फिरवत थांबली.

तिथे एक बारीक डोळा असायला हवा होता. फोन गालाजवळ आला की हा डोळा ते ओळखतो आणि पडदा विझवतो, म्हणून बोलताना गालाने बटणं दाबली जात नाहीत. साध्यासुध्या फोनातही तो असतो. राजाच्या फोनात तो नव्हता. दोन-चार रुपड्यांचा भाग, कंपनीने वगळला होता. त्याऐवजी फोन नुसता अंदाज बांधत होता: हात वर गेला, फोन उभा झाला, म्हणजे कानाला लागला.

आणि उभा नसला तर?

गाल पेटतो. मासे कापताना.

मृणाली ताडकन उठली. शेजारच्या खानावळीतून तिने विळी मागून आणली, ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली, फोन पुन्हा जुळवला, दुसऱ्या फोनवरून त्यावर कॉल लावला, आणि खोचून खाली बसली. जोवर ताठ होती तोवर पडदा काळा. विळीवर वाकली, फोन आडवा झाला, आणि समोरच्या आरशात तिला ओढणीतून स्वतःचा गाल पिवळट उजळलेला दिसला.

तिने काकडी कापायला घेतली. पहिल्यांदा कॉल आपोआप होल्डवर गेला. दुसऱ्यांदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा टॉर्च लागली. पाचव्यांदा, हात मागेपुढे होत असताना कापडाच्या ओढीने पडद्यावरची बटणांची पट्टी गालाखाली उतरली आणि आवाज तुटला. तिने हळूच फोन बाहेर काढला.

विमान.

हात काकडीच्या पाण्याने चिंब होते. फोन कोरडा होता.

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. मग तिला आठवला तोंडासमोर आडवा धरलेला फोन, भर दुकानात चालू असलेला स्पीकर. लोकांना घरची भांडणं ऐकवायची हौस कुणाला असते? हा फोन गालाला लावायचा नाही, हे ज्याला ठाऊक आहे, तोच असा बोलतो.

५

शुक्रवारी फातिहाची दुआ झाली, माणसं जेवली. मग पडवीत जमातीचे चार वडीलधारे बसले. तन्वीर भिंतीला टेकून होता, प्रवासाने आणि रडण्याने सुजलेला. नबीला आतल्या दारात उभी होती. तिची बॅग भरून तयार होती. फैझानने चिठ्ठी मध्ये ठेवली.

"ही माझी आहे," मृणाली म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. "मी लिहिलीय आणि ती चूक आहे. मी फोन उभ्याने तपासला. ह्या घरात तो उभ्याने वापरत नाहीत."

तिने समरीनला विळीवर बसायला सांगितलं, घरातलीच एक काकडी हाती दिली आणि ओरिवा तिच्या स्कार्फात खोचला. तन्वीरने आपल्या फोनवरून कॉल लावला. समरीन कापू लागली.

"दादी, बघा, आत्याचा गाल पेटला," जन्नत शेजारच्या म्हातारीला म्हणाली.

पहिल्या खेपेला कॉल टिकला. वडीलधाऱ्यांतल्या एकाने उसासा टाकला. दुसऱ्या खेपेला तन्वीरच्या कानातला आवाज बंद झाला. त्याने स्पीकरवर परत लावला. 'आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे,' असं पडवीभर ऐकू आलं. समरीनने फोन काढून बघितला आणि स्कार्फचं टोक तोंडावर घेतलं.

"जन्नतने फोन खोचला आणि ती उंबऱ्यावर जाऊन चित्र काढायला बसली," मृणालीने सांगितलं. "खोचताना तिचं बोट लागलं असतं तर कॉल तिथेच संपला असता. तो चौदा सेकंद चालला. नबीलाने अब्बांचा आवाज ऐकला. आणि पोरीने चित्रात पेटलेला गाल काढलाय, म्हणजे पडदा उजळला तेव्हा ती समोर होती, आईजवळ नव्हती. नबीलाने हात लावला असता तर काचेवर माशाचं रक्त असतं. फैझान, फोन कोरडा होता हे तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत. तुम्ही तिच्याच बाजूने साक्ष दिलीत, फक्त उलटी वाचलीत."

फैझानने चिठ्ठी आपल्याकडे सरकवली.

"आणि तुम्ही ती चुकून उलटी वाचली नाहीत. फोन हातात घेतल्याबरोबर तुम्ही विमान शोधलंत. गिऱ्हाइकं तक्रारी घेऊन येत असणार. तुम्ही स्वतः हा फोन कानाला लावत नाही."

तन्वीरने धाकट्या भावाकडे पाहिलं.

"मला आधी वाटलं, स्टॉक पडून राहील म्हणून गप्प बसलेत," मृणाली हळू आवाजात म्हणाली. "पण तसं नाही, ना?"

"फोन मी दिलेला," फैझान म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "सगळ्यात भारी म्हणून दिलेला. तो हातात घेतला, विमान बघितलं, आणि मला त्याच क्षणाला कळलं. अब्बा माझ्या फोनाने गेले. हे मी कुणाला सांगू? तोंडातून भाभीचं नाव निघालं. एकदा निघालं, मग परत घेता येईना."

वडीलधाऱ्यांतले सगळ्यात म्हातारे होते ते उठले, नबीलापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, आमचं चुकलं. बॅग आत ने."

नबीलाने जन्नतला जवळ ओढलं. तिला कवटाळून ती जी रडली, ते चाळीस दिवसांचं रडणं होतं. मृणालीने चिठ्ठी उचलून फाडायला घेतली, पण नबीलाने ती तिच्या हातातून काढून घेतली. "राहू दे ताई. तुम्ही चूक म्हणालात ना, ते पण मला ह्याच्यावर लिहून द्या."

मृणालीने लिहून दिलं. खाली तारीख घातली आणि पुन्हा सही केली. आयुष्यात इतकी जड सही तिने कधी केली नव्हती.

नबीलाने डोळे पुसले आणि बॅग उचलली. आत नेली नाही. कोनाड्यात मजीद मुकादमांचा बटणाचा फोन होता, तोही घेतला.

"कुठे?" तन्वीर उठला. "आता कशाला जातेस? मी… नबीला, मला माफ कर. मी तुला विचारलंच नाही."

"विचारलंत," ती म्हणाली. "अब्बा गेले त्या संध्याकाळी तुमचा फोन आला. 'तू बंद केलास?' एवढंच बोललात. मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही कापलात. तेव्हापासून मी वाट बघतेय."

तिने जन्नतचा हात धरला. अडवायला कुणी पुढे आलं नाही. पायरीवर ती थांबली आणि सासऱ्याचा फोन तन्वीरला दिसेल असा धरला.

"खेडला हा चालू असेल. ज्याने लावला त्यानेच परत लावायचा, असा नेम आहे ह्या घराचा. मी उचलेन."

मायलेकी चढणीच्या वाटेने स्टँडकडे निघाल्या. वळणावर त्या दिसेनाशा झाल्या तेव्हा तन्वीरने खिशातून फोन काढला. अब्बांचा नंबर त्याने अजून पुसलेला नव्हता. त्याने तो लावला आणि कानाला धरून उभा राहिला, आणि वाटेवरून घंटी वाजल्याचा आवाज आला.